कपाळावर आठी आली म्हणून आमच्या घरी पेढे आले होते

आज धरमपेठेत भिशी होती. कोणीतरी फेस योगाच्या बाईंना बोलावलं होतं, म्हणजे चेहऱ्याच्या व्यायामानं सुरकुत्या जातात म्हणून कोर्स विकणाऱ्या. बोलवा, माझी हरकत नाही. पण त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या वहिनीच्या कपाळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ह्या बघा, स्वतःकडे दुर्लक्ष केल्याच्या आठ्या." वहिनी काहीच बोलली नाही. माझं मात्र डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून राहिली.

त्या कपाळाचं सांगते. काही वर्षांआधी ऐन मे महिन्यात वहिनी सकाळी उठली तर अर्धा चेहरा लुळा. चूळ भरली की पाणी ओठाच्या कोपऱ्यातून खाली, डावा डोळा मिटेना. बेल्स पाल्सी. चेहऱ्याची नस सुजते आणि त्या बाजूचे स्नायू हलेनासे होतात. त्या बाजूचं कपाळ कसं झालं होतं माहितीये? एकदम गुळगुळीत, एक रेष नाही. आजच्या कोर्सच्या फोटोत होतं नं, तस्सं. आणि तीच बाजू आजारी होती.

मग आरशासमोर व्यायाम. भुवया वर, गाल फुगव, ओठांचा चंबू, शीळ. बाईंनी आज शिकवलं तेच सगळं! फक्त वहिनी ते चहा न सांडता पिता यावा म्हणून करत होती, रात्री डोळ्याला टेप न लावता झोपता यावं म्हणून. डाव्या कपाळावर पहिली बारीक आठी उमटली त्या दिवशी दादा सीताबर्डीहून पेढे घेऊन आला.

त्या आठीला दुर्लक्ष म्हणता?

अहो, पाळी गेल्यावर पहिल्या पाचेक वर्षांतच त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे त्वचा घट्ट ठेवणारं प्रथिन, जवळपास ३० टक्के कमी होतं. गालातली चरबी उतरते, जबड्याचं हाडसुद्धा झिजतं. वरून आपलं नागपूरचं ऊन. यात बाईचा आळस कुठून आला? आणि कपाळाच्या रेषा पडतात त्याच त्या हालचालीनं. बोटॉक्सचं इंजेक्शन त्या घालवतं ते स्नायू ढिला पाडूनच. मग भुवया आणखी वरखाली करून त्या जाणार कशा?

बरं, २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या अभ्यासात २० आठवड्यांच्या व्यायामानं गाल थोडे भरलेले दिसले, मान्य. पण शेवटपर्यंत टिकल्या १६ जणी, आणि सुरुवातीला रोज अर्धा तास द्यावा लागला.

दादाच्या कपाळावर वहिनीहून जास्त आठ्या आहेत. त्याला कोणी कोर्स विकायला येत नाही.

ज्यांनी आज पैसे भरले त्यांच्यावर माझा राग नाही गं. दार लावून थोडा वेळ स्वतःचा चेहरा कुरवाळत बसायला मिळणं, आपल्यातल्या कितीजणींना तेवढंही मिळत नाही. बरं वाटत असेल तर खुशाल करा. गाडीवर निघताना दुपट्टा बांधतोच आपण, सनस्क्रीनही लावा, त्यानं खरंच फरक पडतो. पण वहिनीच्या चेहऱ्याला कोणी नावं ठेवली तर यापुढे मी तिथेच बोलणार, भिशी असो की हळदीकुंकू.

आणि कोणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, डोळा मिटेना, तर व्यायामाचे व्हिडिओ शोधत बसू नका. कधी तो पक्षाघातही असू शकतो, त्याच घडीला दवाखान्यात न्या. बेल्स पाल्सी असली तरी औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. वहिनीला दादानं तासाभरात नेलं होतं.