रिकाम्या कन्व्हर्टरवर 240-240-240? मग मीटर चुकीच्या वेळी लावलाय

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये जुनी मिलिंग मशीन किंवा लेथ आणून बसवणाऱ्यांत एक सल्ला फिरत असतो. घरात थ्री-फेज नसते, म्हणून एक मोठी थ्री-फेज मोटर, म्हणजे आयडलर, 240 व्होल्टवर मोकळी फिरवायची आणि तिच्या तिसऱ्या टोकावरून तिसरी फेज घ्यायची. हाच रोटरी फेज कन्व्हर्टर. इथपर्यंत ठीक. पुढे सांगतात: "मशीन बंद ठेवा, तारांच्या तिन्ही जोड्यांत मीटर 240 दाखवेपर्यंत कपॅसिटर घालत जा. आकडे जुळले की संपलं."

इथूनच गडबड सुरू होते. तिसरी फेज आयडलरच्या गुंडाळीतून येते. मशीनने प्रवाह ओढला की त्या गुंडाळीत व्होल्टेज पडतं. पहिल्या दोन फेज थेट कंपनीच्या तारेवर असल्याने जागच्या हलत नाहीत. माझ्या 2 एचपीच्या मिलिंगवर मीही आधी हाच सल्ला पाळला होता. रिकामं असताना 240, 241, 239. बघून छाती फुगली. स्टीलवर जड कट घेतला आणि आकडे आले 240, 222, 228. सरासरी 230, सरासरीपासून सर्वांत मोठा फरक 10, म्हणजे असमतोल 4.3 टक्के. हा आकडा किरकोळ वाटतो, पण मोटरच्या प्रवाहातला असमतोल व्होल्टेजच्या सहा ते दहा पट जातो. तापमानवाढीचा ढोबळ हिशेबही आहे: असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करून दुप्पट करा. इथे ती वाढ अदमासे 37 टक्के जास्त.

मग कपॅसिटर वाढवले, पण कट चालू ठेवून मोजत. आता कटमध्ये 240, 238, 236, म्हणजे एक टक्क्याच्या आत. रिकामं असताना मात्र 240, 254, 247. दिसायला वाईट, पण 2.8 टक्केच, आणि त्या वेळी मशीन काही कामच करत नसतं. मोटर तापायची ती कटमध्ये. अमेरिकन मोटर उत्पादकांचं मानक, नेमा, 1 टक्क्याच्या आत राहा म्हणतं आणि 5 च्या वर मोटर चालवूच नका म्हणतं.

दुसरा दावा जास्त शहाणा वाटतो: "व्होल्टेज जुळलं तरी कोन 120 अंशांचा नसतो, म्हणून ही खरी थ्री-फेज नव्हे." अहो, तीन तारांमधली तीन व्होल्टेज मिळून बंद त्रिकोण होतो. तिन्ही बाजू सारख्या असल्या की आतले कोन 60 चेच येणार, म्हणजे फेजमधलं अंतर 120 चंच, दुसरं येऊच शकत नाही. शाळेतली भूमिती आहे ही! बाजू जुळवल्या की कोन आपोआप जुळले, त्यांच्यासाठी ऑसिलोस्कोप आणायला नको.

"तिसरी तार न्यूट्रलशी 208 दाखवते, म्हणजे फॉल्ट आहे." नाही. अमेरिकेतल्या घरात न्यूट्रल पहिल्या दोन तारांच्या बरोबर मध्ये असतो, दोन्हीकडे 120. समभुज त्रिकोणाची उंची म्हणजे बाजूच्या 0.866 पट, 240 चे 208. उलट 208 आला तर खूश व्हा. (आपल्याकडे 230 ची एक तार न्यूट्रलच असते, त्यामुळे 230 वर डेल्टात (तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात) जोडलेल्या आयडलरवर तिसरी तार न्यूट्रलशी 230 च्या आसपास दाखवेल. तिथे 208 शोधत बसू नका.)

"कुठलाही कपॅसिटर चालतो." स्टार्ट कपॅसिटर काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो, कायम जोडून ठेवला की फुगून फुटतो. समतोलासाठी तेलाचा रन कपॅसिटरच हवा, 370 किंवा 440 व्होल्टचा. एक-तीन आणि दोन-तीन या जोड्यांत सारखेच मायक्रोफॅरड लागतील हेही गृहीत धरू नका. एकीकडे 5 वाढवले की दुसरीकडचा आकडाही हलतो, म्हणून थोडे थोडे बदला. हात घालण्याआधी वीज तोडून रेझिस्टरने चार्ज काढून टाका.

आणि मशीनच्या कॉन्टॅक्टरची (मोटर चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचची) कॉइल, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, दिवा, सगळं एक-दोनवरच जोडा. माझ्या मशीनवर आधीच्या मालकाने कॉइल तिसऱ्या फेजवर घेतली होती. जड कटमध्ये कॉन्टॅक्टर थरथरायचा आणि मी दोन दिवस कपॅसिटर बदलत बसलो होतो.