झाड कुठलं यापेक्षा ते करतं काय

पावसाळा जवळ आला की घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाद पेटतो: झाडं लावायची तर देशीच. गुलमोहर नको, रेन ट्री नको, गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, तर मुळीच नको. टेकड्यांवर नुसती गिरिपुष्पाची लागवड करू नये, हे मलाही पटतं. पण बाहेरचं ते सगळं वाईट म्हणायचं, तर मादागास्करच्या गुलमोहराबरोबर दसऱ्याचा झेंडू आणि ठेच्यातली मिरचीही जाईल. दोन्ही मूळची अमेरिका खंडातली.

मी राहते इंग्लंडमध्ये. इथल्या ओढ्याकाठी हिमालयन बाल्सम माजतो, आपल्या तेरड्याचा भाऊबंद. १८३९ साली शोभेसाठी आणला आणि बागांमधून निसटला. माणसाहून उंच वाढून खालच्या झाडोऱ्याचं ऊन अडवतो. थंडीत मेला की काठ उघडा पडतो, माती वाहून जाते. शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं. तो रानात लावणं इथे गुन्हा आहे.

उन्हाळ्यात, शेंगा धरायच्या आत, आमच्या भागातली माणसं तो उपटायला जमतात. मीही जाते. लालसर, पोकळ, पाण्याने भरलेला दांडा असतो. मुळं उथळ, त्यामुळे ओढला की चिखलासकट हातात येतो. मग मुळाशी कडकन मोडायचा, नाहीतर पडल्या जागी पुन्हा रुजतो. फूल हातात घेतलं की गौरीचे दिवस आठवतात, गळा दाटून येतो. तरी उपटते, कारण आता हा ओढा माझा आहे. इथेच शेजाऱ्यांची ओळख झाली. नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या माझ्या वाफ्याशेजारच्या आजी बजावतात, अर्धा मे सरेपर्यंत मिरचीची रोपं बाहेर काढू नकोस, हिव पडतं. त्यांच्या तोंडून असं काही ऐकलं की मला इथली असल्यासारखं वाटतं. नागरिकत्वाच्या कागदाने तसं कधी वाटलं नव्हतं.

झाडांचे निकष माणसांना लावणारे इथेही भेटतात, तिकडेही. ते मला साफ अमान्य आहे. माणूस आल्या जागेची काळजी घ्यायला शिकतो, बाल्सम शिकत नाही.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं: रस्त्यावर सावली देणारा गुलमोहर राहू द्या. हात चालवायचेच असतील तर सह्याद्रीत पसरलेल्या घाणेरीवर, म्हणजे बाहेरून आलेल्या टणटणीच्या झुडपावर, चालवा. पक्षी तिची फळं खाऊन बी लांब नेतात, तेव्हा फळं धरायच्या आत गाठा. वरवर छाटली तर ती पुन्हा फुटते. पावसाने माती मऊ झाली की मुळाशी खणून काढा, आणि त्या जागी काय लावणार ते आधी ठरवून ठेवा.