सद्दामची शस्त्रं अमेरिकेची? मग मिग आणि मिराज कुठून आले?

अमेरिकी नेते डोनाल्ड रम्सफेल्ड इराकचे तेव्हाचे अध्यक्ष सद्दाम हुसेन यांच्याशी हात मिळवताहेत, असा फोटो अधूनमधून फिरतो. खाली ओळ असते: 'इराण-इराक युद्धात सद्दामला सगळी शस्त्रं अमेरिकेनंच विकली.' फोटो खरा आहे, डिसेंबर 1983 मधला. ओळ मात्र खोटी.

आधी 'सगळी शस्त्रं' पाहू. इराकचे टी-72 रणगाडे, मिग विमानं, स्कड क्षेपणास्त्रं सोव्हिएत. मिराज एफ-1 विमानं आणि एक्झोसेट ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रं फ्रेंच. वर चिनी रणगाडे. 1987 मध्ये 'स्टार्क' या अमेरिकी युद्धनौकेवरचे 37 नौसैनिक ठार झाले, तेही इराकी विमानानं डागलेल्या एक्झोसेटनं! अमेरिकेची थेट शस्त्रविक्री या सगळ्यासमोर किरकोळच. 'नागरी' म्हणून गेलेली हेलिकॉप्टरं हा त्यातला चोरटा मामला.

'फोटो शस्त्रसौद्याचा' असंही सुचवलं जातं, तेही चूक. रम्सफेल्ड तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष रेगन यांचे विशेष दूत म्हणून गेले होते. 1967 पासून तुटलेले राजनैतिक संबंध नोव्हेंबर 1984 मध्ये कुठे पूर्ववत झाले.

आणि इराकच्या बाजूनं उभ्या असलेल्या अमेरिकेनं 1985-86 मध्ये इराणलाच गुपचूप रणगाडाविरोधी टो क्षेपणास्त्रं विकली, हे या पोस्टमध्ये कधीच नसतं.

पण मग 'अमेरिकेनं तर फक्त गहू-तांदूळ दिला' हा उलटा दावाही गिळू नका. खरी गोम इथेच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची हमी असायची: अमेरिकी धान्य घेण्यासाठी बँकेनं इराकला उधार द्यायचं, इराकनं बुडवलं तर सरकार भरणार. हमी नसती तर युद्धानं खंक झालेल्या देशाला एवढी उधारी कोण देणार? शिवाय धान्य उधारीवर आलं की तेलाचे डॉलर मॉस्को-पॅरिसच्या शस्त्रांच्या बिलांसाठी मोकळे. बंदूक न विकताही युद्धखर्चाला हातभार लागतो, तो असा. 1982 मध्ये इराकचं नाव दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून काढलं, तेव्हाच अशा मदतीची वाट मोकळी झाली होती.

ऑगस्ट 1990 मध्ये सद्दामनं कुवेत गिळलं, हप्ते थांबले, आणि हमीचे सुमारे 2 अब्ज डॉलर अमेरिकी करदात्यांच्या गळ्यात पडले.