तीनच्या खालचे नियतकालिक टाकाऊ नसते: रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांत फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘यूजीसी-केअर’ ही नियतकालिकांची यादी बंद केली आणि कोणते नियतकालिक ग्राह्य धरायचे हे ठरवण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि महाविद्यालयांवर येऊन पडली. तेव्हापासून रत्नागिरी, चिपळूण, महाड, सावंतवाडी अशा ठिकाणच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांत एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: रसायनशास्त्राच्या नियतकालिकाचा दर्जा इम्पॅक्ट फॅक्टरवरून कळतो, हा आकडा तीनच्या खाली असेल तर तिथे निबंध पाठवू नये, मोठा आकडा ही खरेपणाची हमी असते, आणि नियतकालिकाचा विषय त्याच्या नावातच असल्यामुळे तो वेगळा मोजावा लागत नाही. हा संदेश वाचून माझ्याकडे एम. एस्सी.चा प्रकल्प करणारी एक विद्यार्थिनी काजूच्या टरफलातील तेलावरचा आपला निबंध मागे घ्यायला निघाली होती. म्हणून हे उत्तर.

इम्पॅक्ट फॅक्टरवरून दर्जा कळतो, हा पहिला मुद्दा. हा आकडा काढतात कसा, ते आधी पाहू. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराचा २०२४ या वर्षात जितक्या वेळा संदर्भ दिला गेला ती संख्या, भागिले त्या दोन वर्षांतील संशोधन निबंध आणि आढावा निबंध यांची संख्या. ही सरासरी आहे, आणि संदर्भांची वाटणी अत्यंत विषम असल्यामुळे सरासरीवरून एकेका निबंधाविषयी काहीच सांगता येत नाही. समजा दहा निबंधांपैकी नऊ निबंधांना प्रत्येकी एक संदर्भ मिळाला आणि दहाव्याला एक्क्याण्णव. सरासरी दहा येते, पण दहा संदर्भ मिळालेला निबंध त्यांत एकही नसतो. नॉर्वेचे संशोधक पेर सेग्लेन यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले होते की साधारण पंधरा टक्के निबंध एकूण संदर्भांपैकी निम्मे संदर्भ मिळवतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण रसायनशास्त्राच्या घरातलेच आहे. जर्मनीतील गटिंगेनचे जॉर्ज शेल्ड्रिक यांनी २००८ मध्ये ‘अॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ए विभागात ‘शेलएक्स’ या आपल्या संगणक आज्ञावलीचा इतिहास सांगणारा निबंध लिहिला आणि ही आज्ञावली वापरणाऱ्यांनी संदर्भ म्हणून हा निबंध द्यावा, असे त्यातच सुचवले. स्फटिकाची रचना उकलणारे जगभरचे रसायनशास्त्रज्ञ तसे करू लागले. त्या नियतकालिकाचा २००८ चा इम्पॅक्ट फॅक्टर २.०५१ होता, २००९ चा ४९.९२६ झाला. पुढे तो निबंध दोन वर्षांच्या खिडकीबाहेर गेला आणि २०११ चा आकडा पुन्हा दोनच्या आसपास आला. शेल्ड्रिक यांच्या शेजारी ज्यांचे निबंध छापले होते त्यांचे काम मधल्या काळात चोवीसपट चांगले झाले नव्हते आणि नंतर बिघडलेही नव्हते. त्या फिरत्या संदेशाच्या नियमाने मात्र तेच नियतकालिक २००८ मध्ये टाकाऊ, २००९ मध्ये जगातील सर्वोत्तमांपैकी एक आणि २०११ मध्ये पुन्हा टाकाऊ ठरते. ज्या नियमातून असा निष्कर्ष निघतो त्यावर एखाद्या शिक्षकाची पदोन्नती किंवा विद्यार्थ्याची पीएच.डी. अवलंबून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

तीन ही रेषा कुठून आली, याचे उत्तर संदेशात नाही, आणि ते असूही शकत नाही, कारण संपूर्ण रसायनशास्त्राला एकच रेषा लावता येत नाही. ‘केमिकल रिव्ह्यूज’ हे १९२४ पासूनचे नियतकालिक आढावा निबंध छापते. असा एकेक निबंध शेकडो कामांचा धांडोळा घेतो आणि पुढे प्रत्येक जण त्याचाच संदर्भ देतो. त्यामुळे त्या नियतकालिकाचा आकडा पन्नासच्या वर असतो. १९३६ पासूनच्या ‘जर्नल ऑफ ऑरगॅनिक केमिस्ट्री’चा आकडा अलीकडच्या वर्षांत तीन ते पाचच्या दरम्यान राहिला आहे, पण कार्बनी संश्लेषण करणारा कोणीही त्याला दुय्यम म्हणणार नाही. बॅटरी किंवा उत्प्रेरक यांवर काम करणारे खूप आहेत, ते भराभर लिहितात आणि लांबलचक संदर्भसूची देतात. वनस्पतिजन्य संयुगांवर काम करणारे थोडे असतात आणि त्यांच्या निबंधाचा उपयोग कित्येकदा पाच-सात वर्षांनी सुरू होतो. दोन वर्षांची खिडकी पहिल्या गटाचे बरेच संदर्भ पकडते, दुसऱ्याचे थोडेच. म्हणून तुलना करायचीच असेल तर त्याच उपशाखेतल्या नियतकालिकांशी करावी. ‘स्निप’सारखे निर्देशांक विषयानुसार हा फरक समायोजित करण्यासाठीच तयार झाले आहेत.

मोठा आकडा म्हणजे हमी, हा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. पर्यावरण-रसायनावरच्या ‘केमोस्फिअर’चा इम्पॅक्ट फॅक्टर आठच्या वर होता, तरी डिसेंबर २०२४ मध्ये इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीनेच त्याला आपल्या ‘वेब ऑफ सायन्स’ या सूचीतून वगळले. शिवाय पैसे घेऊन इम्पॅक्ट फॅक्टरशी मिळताजुळता शब्द आणि आकडा मुखपृष्ठावर छापून देणारेही आहेत, हे नव्या संशोधकांना वेळीच सांगायला हवे.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेला मुद्दा विषयाचा आहे. माहितीशास्त्रज्ञ युजीन गारफिल्ड यांनी कोणी कोणाचा संदर्भ दिला याच्या सूचीची कल्पना १९५५ मध्ये मांडली आणि पुढे इम्पॅक्ट फॅक्टर आला तो सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरवण्यासाठी. नियतकालिक कशावर छापते हा प्रश्न त्यात येतच नाही. तो स्वतंत्रपणे मोजावा लागतो, आणि मोजता येतो. रसायनशास्त्रातील निबंधांचे सारांश देणाऱ्या ‘केमिकल अॅब्स्ट्रॅक्ट्स’ने रसायनशास्त्राचे ऐंशी विभाग पाडले आहेत, निबंध त्या विभागांत वाटून पाहिले तरी नियतकालिकाचा कल दिसतो. मिशेल कॅलाँ आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कोणते दोन शब्द एकाच निबंधात वारंवार सोबत येतात हे मोजतात. केस्लर यांची १९६३ ची पद्धत दोन निबंधांच्या संदर्भसूचीत किती नोंदी सामाईक आहेत ते पाहते. लायडनमध्ये तयार झालेले ‘व्हॉसव्ह्यूअर’ हे मोफत साधन अशा मोजणीचा नकाशा काढून देते.

आम्ही मात्र वहीवर केले. नावात ‘पर्यावरण’ असलेल्या एका नियतकालिकाचे दोन वर्षांचे निबंध घेतले, डावीकडे सूचक शब्द लिहिले आणि समोर रेघा मारत गेलो. ‘अधिशोषण’ आणि ‘मिथिलीन ब्लू’ यांच्या रेघा पानाबाहेर गेल्या. ‘माती’ आणि ‘हवेतील कण’ यांच्यासमोर जागा जवळजवळ कोरी राहिली. नाव पर्यावरणाचे असले तरी प्रत्यक्षात ते पाण्यातला रंग शोषून घेणाऱ्या पदार्थांचे नियतकालिक होते. जांभ्या जमिनीतील लोहावर काम करणाऱ्याने तिथे निबंध पाठवला असता तर तो परत आला असता, आणि दोष आपल्या कामात आहे असे त्याला वाटले असते.

या मोजणीतली एक अडचण सांगायला हवी. काजूच्या टरफलातील तेलाला कोणी ‘सीएनएसएल’ म्हणतो, कोणी पूर्ण नाव लिहितो, कोणी फक्त ‘अॅनाकार्डिक आम्ल’ किंवा ते तापवून मिळणारे ‘कार्डानॉल’ लिहितो. ही नावे जवळची आहेत हे लक्षात घेऊन त्यांचा गट आधी केला नाही, तर एकच विषय चार ठिकाणी विखुरतो आणि नगण्य दिसतो. कोकमाच्या बाबतीतही असेच होते. हे काम यंत्रावर सोपवून चालत नाही; ज्याने तो पदार्थ हाताळला आहे त्यानेच ते करावे.

परिणामाविषयी आणखी एक. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची साल काढणारे हे तपकिरी, चिकट तेल रंगात आणि ब्रेकच्या अस्तरात वापरले जाते. लोटे परशुरामच्या एखाद्या कारखान्यातील रसायनतज्ज्ञ आमच्या विद्यार्थिनीचा निबंध वाचून मिश्रणाचे प्रमाण बदलेल, पण तो कधी निबंध लिहिणार नाही आणि त्यामुळे संदर्भही देणार नाही. तो परिणाम कोणत्याही इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये मोजला जात नाही.

निबंध मागे घेण्याऐवजी तिने स्वतःच्या संदर्भसूचीतील नियतकालिके मोजली. सर्वाधिक नोंदी लेपनाच्या रसायनावरच्या एका नियतकालिकाच्या निघाल्या. त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर तीनच्या खाली आहे. निबंध तिथेच गेला आहे.