चुकीच्या पत्त्यावर आलेली कळ

टपाल खात्यात २६ वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे पत्र जिथे पोहोचते तिथे ते लिहिलेले नसते. कोर्टाची नोटीस हातात पडताच पोस्टमनवर डाफरणारी माणसे मी पाहिली आहेत. ती नोटीस जणू त्यानेच रात्री जागून लिहिली, अशा नजरेने ती त्याच्याकडे बघतात. अशा माणसांना मी काउंटरच्या जाळीआडून कितीतरी वेळा समजावले आहे की, हा बिचारा नुसता आणून देणारा आहे, पाठवणारा कोण ते पाकिटावर पाहा. इतके असूनही वयाच्या ४९व्या वर्षी माझ्या डाव्या पोटरीत जेव्हा कळ येऊन पडली, तेव्हा मी सलग १९ दिवस पोटरीवरच डाफरत होतो.

या दुखण्याचे कारण सांगायची मला अजून लाज वाटते. लोकांची कारणे कशी भारदस्त असतात. कोणी गडावरून उतरताना पाय घसरला म्हणतो, कोणी मुलीच्या लग्नात पाण्याचे पिंप एकट्याने उचलले म्हणतो. मी पेनाचे टोपण उचलले. नोकरीच्या सुरुवातीला रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये असताना मी टपालाच्या भरलेल्या थैल्या फलाटावरून डब्यात भिरकावल्या होत्या आणि त्या वेळी कमरेने हूं की चूं केले नव्हते. साध्या पत्राच्या वजनाची पहिली मर्यादा २० ग्रॅमची असते, आणि त्या टोपणाने तीही गाठली नसती. गिऱ्हाइकांचे पेन आम्ही सुतळीने टेबलाला बांधून ठेवतो, माझे स्वतःचे मात्र मोकळे होते. त्याचे टोपण घरंगळत टेबलाखाली गेले, आणि मी खुर्चीतून न उठता, कमरेत वाकून, वाकल्या वाकल्या डावीकडे वळून ते उचलले. कमरेत काहीतरी बारीकसे ‘खट्’ झाले. त्या ‘खट्’ची मी कुठेही नोंद केली नाही. दोन दिवसांनी कळ निघाली ती कमरेत नव्हे, पोटरीत.

ही कळ साधी नव्हती. ती कुल्ल्यातून निघे, मांडीच्या मागच्या बाजूने विजेसारखी सरसरत खाली येई, पोटरीत कोणीतरी कोलीत टेकवल्यासारखी थांबे आणि शेवटी करंगळीत मुंग्या सोडून निघून जाई. उभे राहिले तर निदान सोसवे. बसले की ती हजर होई, आणि माझी तर सगळी नोकरीच बसण्याची. शिंक येणार असे वाटताच मी धावत जाऊन भिंतीला दोन्ही हात टेकवीत असे, कारण आधाराशिवाय आलेली शिंक नाकातून बाहेर पडण्याआधी पायातून पडत असे. मोजा घालणे हा दोन माणसांचा उद्योग होऊन बसला. स्कूटरवरून जाताना पुण्यातले गतिरोधक किती आणि त्यांतले किती पांढरे पट्टे न मारता केलेले आहेत, याचा हिशेब माझ्याइतका अचूक दुसऱ्या कोणाकडे नसेल. बाल्कनीतल्या झाडांना बादलीभर पाणी घालण्याचे माझ्याकडे असलेले एकमेव घरकाम सौभाग्यवतीकडे गेले, आणि तिने ते ज्या प्रकारे स्वीकारले त्यावरून ते कायमचे गेलेले नाही, हे मला कळून चुकले.

दुखणे पायाचे आहे हे मी स्वतःच जाहीर केले असल्यामुळे सगळे उपचार पायालाच येऊ लागले. शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला उकळून पोटरीला शेक द्यायला सांगितले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मामलेदारांनी महानारायण तेलाची अर्धी बाटली आणून दिली आणि उरलेली अर्धी आपण कुठल्या दुखण्याला वापरली, ते पाऊण तास सांगितले. सासूबाईंनी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल घ्यायला लावले, त्याचा परिणाम भलत्याच ठिकाणी झाला. पोटरी तेलाने अशी चकाकू लागली की तिच्यात तोंड पाहून भांग पाडता आला असता. कळ तेवढी जागची हलली नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच, हे त्या वेळी ध्यानात यायला हवे होते. पण दुखते त्याला म्हणी सुचत नाहीत.

सदाशिव पेठेतल्या एका वैद्यबुवांनी मात्र नाडी पाहण्याआधी माझी चाल पाहिली आणि “गृध्रसी” असे म्हणून ते समाधानाने हसले. गृध्र म्हणजे गिधाड. हा रोग, म्हणजेच सायटिका, झालेला माणूस गिधाडासारखा चालतो म्हणून हे नाव पडले, असे त्यांनी सांगितले. आपण लंगडतो आहोत इतकाच माझा समज होता. चरकसंहितेतल्या चिकित्सास्थानाच्या २८व्या अध्यायात या कळेचा मार्ग सांगितला आहे: आधी कुल्ला, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल, आणि शेवटी ‘क्रमात्’ असा शब्द. तो श्लोक ऐकताना मला चरकाबद्दल व्यावसायिक आदर वाटला, कारण वाटेतली ठिकाणे ओळीने लिहायला आम्हाला पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. रक्त काढणे, बस्ती आणि डाग देणे असे तीन उपाय चरकाने सांगितले आहेत, हेही त्यांच्याकडून कळले. चौथा काही असेल का, असे मी विचारले. त्यांनी पुड्या दिल्या.

चौथा उपाय आमच्या कार्यालयात निघाला. उसण भरलेल्या पाठीला पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या माणसाचा, पाय लावला की ती उतरते, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे. मला तिच्यावर विश्वास नव्हता, परंतु १९ दिवसांनंतर विश्वास ही चैन परवडत नाही. चौकशी केली तेव्हा आमच्याच एका पोस्टमनची आई त्याला पायाळू म्हणते असे समजले. अडचण अशी होती की, गणपतीला कोकणात जाण्यासाठी त्याने केलेला रजेचा अर्ज मी त्याच आठवड्यात ‘कामाचा ताण’ असा शेरा मारून परत केला होता. “साहेब, तुम्हाला पाय कसा लावायचा?” असे तो खाली मान घालून म्हणाला खरा, पण खाली घातलेल्या त्या मानेवरचा चेहरा मला दिसत नव्हता. मला उंबऱ्यात उभे करण्यात आले. छाननीचे काम थांबले. पहिली लाथ अदबीची होती, दुसरी खात्याच्या शिस्तीत बसणारी होती, तिसरीत मात्र गणपतीची रजा पुरेपूर उतरली. त्यानंतर त्याने वाकून माझ्या पाया पडून क्षमा मागितली, आणि तो इतक्या सहज वाकला याचेच मला अधिक दुःख झाले. हा उपचार सात दिवस करायचा असतो, असे मागून कोणीतरी म्हणाल्यावर मी त्याची रजा तिथल्या तिथे मंजूर केली.

अखेर हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी मला उताणे झोपवून डावा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. पाय जमिनीशी साधारण ४० अंशांचा कोन करतो न करतो तोच माझ्या तोंडून जे निघाले ते बाहेर बसलेल्या रुग्णांनीही ऐकले असणार, कारण मी बाहेर आलो तेव्हा दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मग त्यांनी विचारले, “मुंग्या कुठल्या बोटाकडे येतात? अंगठ्याकडे की करंगळीकडे?” मी करंगळी म्हणताच त्या म्हणाल्या, “म्हणजे एस-१, कमरेखालच्या त्रिकास्थी या त्रिकोणी हाडातली पहिली नस. अंगठा म्हणाला असता तर मी एल-५, म्हणजे कमरेच्या मणक्यांतली शेवटची, म्हटले असते. तुमच्या पायाला काही झालेले नाही.”

त्या क्षणी मी आडवा नसतो तर उठून त्यांना नमस्कार केला असता. बोटावरून मणका सांगणे ही तर आमची छाननी झाली. पिनकोडचे सहा आकडे देशाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी मिळाले आणि ते बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, शिवाय संस्कृत कवी. त्यांच्या पद्धतीत पहिला आकडा पाहिला की पत्र देशाच्या कुठल्या भागाचे ते कळते. इथे तर शेवटच्या बोटापासून उलट वाचत मूळ ठिकाण गाठता येत होते. बाईंनी सांगितले की सायटिक ही शरीरातली सर्वांत लांब आणि जाड नस. कमरेच्या शेवटच्या दोन आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या पहिल्या तीन अशा पाच मुळांची ती एक होते आणि पार पावलापर्यंत जाते. मणक्यांमधली चकती म्हणजे उकडीचा मोदक समजा, असेही त्या म्हणाल्या. पारी चिरली की आतले सारण बाहेर येते आणि जवळून जाणाऱ्या मुळाला दाबते. दाब कमरेत, बोंब पोटरीत. हे दुखणे चाळिशी-पन्नाशीतच अधिक का, असे विचारले तेव्हा कळले की पुढे म्हातारपणी सारणातले पाणीच आटते, त्यामुळे त्याची बाहेर पडायची हौसही कमी होते. पाठीवर लाथ मारून घेतल्याचे मी प्रामाणिकपणे सांगितले. “हे मी केसपेपरवर लिहू का?” असे त्यांनी विचारले. तेव्हा माझ्या लक्षात आले की तेल, पाला, शेक या सगळ्यांत योग्य पत्त्यावर पोहोचलेला उपचार तो एकच होता. पोस्टमन तो पोस्टमनच.

एमआरआयच्या नळकांड्यात मी २५ मिनिटे निपचित पडलो होतो. इतरांना त्या ठकठकीची भीती वाटते म्हणे. मला आमच्या छाननी विभागात तिकिटांवर शिक्के मारतात त्या दुपारची आठवण होऊन डुलकी लागली. अहवालात एल-५ आणि एस-१ यांमधली चकती डावीकडे मागे सरकल्याचे लिहिले होते आणि त्याखेरीज वरच्या दोन चकत्याही फुगलेल्या निघाल्या. मी हबकलो. बाई शांतपणे म्हणाल्या की, काहीच न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले तरी शंभरातल्या साठेक जणांच्या चकत्या फुगलेल्या दिसतात. तेव्हा अहवालाची चौकट करून भिंतीवर लावू नका. लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल लटके पडू लागले, तर मात्र रात्र असो की दिवस, त्याच क्षणी या. एरवी शस्त्रक्रियेचे नाव नको, बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते आणि बाहेर आलेले सारण बरेचदा शरीरच हळूहळू शोषून घेते.

मला या हिशेबात थोडी सबुरी सापडली, कारण माणसाच्या जातीला हा पत्ता लागायलाच फार उशीर झालेला आहे. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो या वैद्याने १७६४ साली हे दुखणे खुब्याच्या सांध्याचे नसून नसेचे असू शकते असे लिहिले. आणि सरकलेली चकती व ही कळ यांचा धागा बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी ठामपणे जोडला तो १९३४ साली. एका पत्त्याचा तपास १७० वर्षे चालला. आमच्याकडे १५ दिवस उशीर झाला तर लोक तक्रारवही मागतात.

मी महिनाभर अंथरुणावर पडून राहण्याची तयारी केली होती, वाचायची पुस्तकेही काढून ठेवली होती. बाईंनी ती परवानगी नाकारली. फार झाले तर एक-दोन दिवस पडा, नंतर झेपेल तेवढे चाला, असा हुकूम झाला. मी रजेचे अर्ज नाकारतो तेव्हा समोरच्याला काय वाटत असेल, ते मला कळले. रात्रीसाठी नसेची एक गोळी दिली. तिने कळ झोपली की नाही ते सांगता येत नाही, मी मात्र असा झोपलो की दुसऱ्या दिवशी अर्धा तास आदल्या दिवशीच्या तारखेचा शिक्का मारत होतो.

खरी शिकवणी फिजिओथेरपीच्या मुलीने घेतली. ती माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी असेल आणि मला पहिल्या मिनिटापासून ‘काका’ म्हणू लागली, हे दुखणे वेगळे. तिने मला पालथे झोपवले, कोपरांवर छाती उचलायला लावली आणि सांगितले की न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या रॉबिन मॅकेन्झी यांना हा मार्ग १९५६ साली चुकून सापडला. डोक्याकडची बाजू वर केलेल्या टेबलावर त्यांचा एक रुग्ण अनवधानाने पालथा पडून राहिला आणि उठला तेव्हा त्याच्या पायातली कळ गेली होती. रोज गेलो की तिचा पहिला प्रश्न असे, “काका, आज कुठे?” ते अगदी स्पीड पोस्टचा माग काढावा तसे चाले. चौथ्या दिवशी मी सांगितले की करंगळी सोडली. दुसऱ्या आठवड्यात पोटरी सोडली, मांडीत मुक्काम आहे. पाचव्या आठवड्यात एका सकाळी उठलो तर पाय अगदी मोकळा होता आणि कंबर सणसणून दुखत होती. मी घाबरत घाबरत तिला सांगितले, तर तिने टाळी वाजवली. कळ पायातून निघून वर कमरेकडे सरकणे हीच बरे होण्याची खूण असते म्हणाली. आमच्याकडे अशा पाकिटावर ‘प्रेषकास परत’ असा शिक्का मारतात.

ही आनंदाची बातमी मी घरी येऊन दारातूनच दिली. “अगं, पाय आता मुळीच दुखत नाही, फक्त कंबर दुखते आहे!”

सौभाग्यवतीने हातातली बादली खाली ठेवली. “अहो, इतके दिवस पाय दुखतो म्हणून उचलत नव्हतात, आता कंबर दुखते म्हणून उचलणार नाही,” ती म्हणाली, “बादलीला यात काय फरक पडला?”

मी बादलीतले अर्धे पाणी मोरीत ओतले, शिकवल्याप्रमाणे गुडघ्यांत वाकलो, बादली पोटाशी धरली आणि बाल्कनीकडे निघालो. तुळशीपर्यंत पोहोचलो तेव्हा शिंक येते आहे असे वाटले, आणि भिंत दोन पावले लांब होती.