‘सिन्स १० एएम टिल २ अवर्स’ म्हणजे पाणी नक्की कधी येणार?

आज सकाळी समोरच्या बिल्डिंगच्या नोटीस बोर्डवर एक कागद लागला. टाकी धुणार आहेत, पाणी बंद राहील, एवढाच निरोप. कागदावर मात्र हे होतं: ‘ड्यू टू क्लीनिंग वर्क ऑफ टँक, द वॉटर सप्लाय विल रिमेन क्लोज्ड सिन्स १० एएम टिल २ अवर्स फॉर अ शॉर्ट ड्युरेशन ऑफ टाइम पीरियड.’

आता सांगा, पाणी बाराला येणार की दोनला? निम्म्या लोकांनी बारा धरले, निम्म्यांनी दोन. जो तो वॉचमनला विचारत होता आणि तो बिचारा तोच कागद पुन्हा वाचून दाखवत होता.

मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या शेवटच्या शेपटाचा. ड्युरेशन म्हणजे वेळ, पीरियड म्हणजेही वेळ, आणि टाइम तर वेळच. तीनदा वेळ लिहून वेळ कळली नाही ती नाहीच. ‘नो वॉटर टुडे, १० एएम टू १२ नून. टँक क्लीनिंग.’ संपलं. यात एकही अवघड शब्द नाही. आकडा दिला की ‘शॉर्ट’ सांगावं लागत नाही, दोन तास थोडे की फार हे ज्याचं त्याला कळतं.

वेळ थोडी असेल तर शब्दही थोडे हवेत. ‘फॉर अ पीरियड ऑफ थ्री डेज’ नको, ‘फॉर थ्री डेज’. ‘ॲट धिस पॉइंट ऑफ टाइम’ नको, ‘नाऊ’. ‘अप्रॉक्झिमेटली अराउंड १० टू १५ मिनिट्स’ हे तर तिहेरी अंदाज झाले, कारण दहा ते पंधरा म्हणतानाच अंदाज सांगून झालेला असतो. ‘विदिन अ टाइम लिमिट ऑफ वन अवर’ नको, ‘विदिन ॲन अवर’. किती वेळ लागेल ते खरंच माहीत नसेल तर ‘ब्रीफली’ किंवा ‘फॉर अ व्हाइल’ लिहा, पण मग त्यापुढे ‘ड्युरेशन’ चिकटवू नका.

कुणी म्हणेल, नोटीस मराठीतच का नाही लावली? मान्य, लावायलाच हवी होती. पण तिथे बंगाली आणि तमिळ बिऱ्हाडंही आहेत, तेव्हा इंग्रजी लागणारच. आणि लागणार असेल तर ती नीट हवी.

या चुका येतात कुठून, हे आपण कधी बघतच नाही. त्या आपल्या मराठीतून येतात. आपलं ‘पासून’ दोन्हीकडे चालतं: सोमवारपासून ताप आहे, दोन दिवसांपासून ताप आहे. इंग्रजीत हे दोन वेगळे रस्ते आहेत. घड्याळात किंवा कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल असा क्षण असेल तर ‘सिन्स’, मोजता येईल असा अवधी असेल तर ‘फॉर’. ‘सिन्स मंडे’, ‘फॉर टू डेज’. शिवाय ‘सिन्स’ने सांगितलेली गोष्ट आधीच सुरू झालेली असावी लागते. त्यामुळे ‘आय ॲम इल सिन्स मंडे’ नाही, ‘आय हॅव बीन इल सिन्स मंडे’. पाणी अजून बंद व्हायचंच असेल तर तिथे ‘सिन्स’ नाही, ‘फ्रॉम’. समोरच्या कागदावर पहिली ठेच इथेच लागली.

दुसरी लागली ‘पर्यंत’ला. शुक्रवारपर्यंत थांबा आणि शुक्रवारपर्यंत फॉर्म द्या, आपल्याला दोन्हीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत थांबणं ‘टिल फ्रायडे’ आणि फॉर्म देणं ‘बाय फ्रायडे’. काम तोवर चालू राहणार असेल तर ‘टिल’, त्याआधी केव्हातरी एकदा उरकायचं असेल तर ‘बाय’. ‘सबमिट टिल फ्रायडे’ वाचणाऱ्याला वाटतं, रोज देत राहायचं आहे. आणि ‘टिल’च्या पुढे अवधी येत नाही, वेळ येते. म्हणून ‘टिल २ अवर्स’ वाचणारा ‘अवर्स’कडे दुर्लक्ष करतो आणि दोन वाजेपर्यंत असं धरून चालतो. त्या निम्म्या लोकांचं काहीच चुकलं नव्हतं.

तसंच ‘दहा मिनिटांनी फोन करतो’चं ‘आफ्टर टेन मिनिट्स’ होतं. आत्तापासून मोजायचं असेल तर ‘इन टेन मिनिट्स’. दहाच्या आत नक्की करणार असाल तर ‘विदिन’. ‘आफ्टर’ एखाद्या घटनेसाठी ठेवा: ‘आफ्टर द मीटिंग’. ‘दोन दिवसांपूर्वी’चं ‘बिफोर टू डेज’ होतं, तिथे हवं ‘टू डेज अगो’. आणि ‘अगो’सोबत ‘हॅव’ येत नाही. ‘आय हॅव सेंट इट टू डेज अगो’ हे वाक्य कंपन्यांच्या मेलमध्ये सर्रास दिसतं. साधं ‘आय सेंट इट टू डेज अगो’ लिहा. ‘टू डेज बॅक’ आपल्याकडे सगळ्यांना समजतं, ठीक आहे, बोलताना चालू द्या. लेखी मेलमध्ये ‘अगो’च लिहा.

खरी गंमत दीडची. मराठीकडे पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी सुबक नाणी आहेत, इंग्रजीला तिथे चार-चार शब्द जुळवावे लागतात. त्यात आपला ‘तास’ एक असो की दहा, तसाच राहतो. म्हणून ‘वन अँड हाफ अवर’ होतं, आणि त्यात दोन चुका: मधला ‘अ’ गेला, शेवटचा ‘स’ गेला. ‘वन अँड अ हाफ अवर्स’ किंवा त्याहून सहज ‘ॲन अवर अँड अ हाफ’. अर्धा तास ‘हाफ ॲन अवर’, ‘हाफ अ अवर’ नाही, कारण ‘एच’चा उच्चार होत नाही. पाऊण तासाला सरळ ‘४५ मिनिट्स’ लिहा, सव्वा तासाला ‘७५ मिनिट्स’. आकडा असला तरी आधी मोठ्याने वाचा: ‘ॲन ८-अवर शिफ्ट’, ‘ॲन ११-मिनिट कॉल’, पण ‘अ १०-मिनिट ब्रेक’.

हे लिहितालिहिता त्या कागदावरचा राग जरा निवळला. तो लिहिणारा सोसायटीचा सेक्रेटरी. दिवसभर नोकरी करून रात्री घरी बसून फुकट हे काम करणारा माणूस. त्याने ते शेपूट आळसाने लावलं नाही, आदराने लावलं. लांब लिहिलं की सभ्य वाटतं, तोकडं लिहिलं की उद्धट, हे त्याला कुणीतरी शिकवलंय. शाळेत अर्ज लिहायला शिकवतात तेव्हा ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ घोकून घेतात आणि मूळ मुद्दा, किती दिवस आणि कधीपासून, तो पाचव्या ओळीत सापडतो. मार्क मात्र पहिल्या चार ओळींचे. याची मला मनापासून चीड आहे. मुलांच्या हातात बोजड वाक्यं देऊन आपण त्यांना इंग्रजीची भीती घातली.

रजेचा अर्ज असा असावा: ‘आय हॅव हॅड अ फीवर सिन्स मंडे. प्लीज ग्रँट मी टू डेज’ लीव्ह, १२ अँड १३ जून.’ तारखा आल्या की कुणाला फोन करून विचारावं लागत नाही. इथे ‘डेज’नंतरचं वरचं स्वल्पविरामासारखं चिन्ह महत्त्वाचं. एक दिवस असेल तर ते ‘स’च्या आधी, दोन किंवा जास्त असतील तर ‘स’च्या नंतर. त्याचा कंटाळा येत असेल तर जोडरेघ वापरा: ‘अ टू-डे ट्रिप’, ‘अ टेन-मिनिट ब्रेक’. जोडरेघ आली की ‘स’ जातो. ‘अ टेन-मिनिट्स ब्रेक’ चूक, कारण तिथे तो शब्द ब्रेकचं विशेषण झालेला असतो.

वेळेची हद्द लिहिताना ‘फ्रॉम’ला ‘टू’ आणि ‘बिटवीन’ला ‘अँड’. ‘बिटवीन १० टू १२’ ही जोडी जमत नाही. दुपारच्या बाराला ‘१२ पीएम’ लिहू नका, ‘१२ नून’ लिहा, गोंधळ उरत नाही. तक्त्यात किंवा रिपोर्टमध्ये मिनिटाचं आंतरराष्ट्रीय चिन्ह एम-आय-एन, तासाचं नुसतं एच. चिन्हाला अनेकवचनाचा ‘स’ लागत नाही, पुढे टिंबही नाही. परदेशातल्या ऑफिसला लिहिताना ‘फॉर्टनाइट’ टाळा, अमेरिकेत तो शब्द रोजच्या वापरात नाही, ‘टू वीक्स’ सगळीकडे कळतं. ‘बायवीकली’ तर कुठेच लिहू नका, त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदाही.

एका ‘अ’ने काय होतं तेही बघा. ‘अ फ्यू मिनिट्स आर लेफ्ट’ म्हणजे थोडी मिनिटं आहेत, चला करू. ‘फ्यू मिनिट्स आर लेफ्ट’ म्हणजे वेळ जवळजवळ संपलाच. परीक्षा हॉलमध्ये यातलं कुठलं सांगताय यावर मुलांचं धाबं दणाणणार की नाही ते ठरतं.

आणि अर्धवट शिकून दुसऱ्याचं बरोबर असलेलं खोडणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती. ‘लेस दॅन टेन मिनिट्स’ बरोबर आहे. मोजता येतं तिथे ‘फ्यूअर’ हा नियम तुम्ही पाठ केलात, पण इथे दहा सुटी मिनिटं मोजत नाही, एक सलग अवधी सांगतोय. म्हणूनच ‘टेन मिनिट्स इज इनफ’, ‘आर’ नाही. ‘टू अवर्स इज अ लाँग टाइम’, इथेही ‘इज’च. त्यातून खटकत असेल तर ‘अंडर टेन मिनिट्स’ लिहा. पण दुसऱ्याच्या बरोबर वाक्यावर लाल रेघ मारू नका.