पाच तारे आहेत म्हणून मागचा बेल्ट सुटत नाही

‘तीस लाखांची फॅमिली एसयूव्ही पैसा वसूल का आहे’ असा एक लांबलचक मजकूर सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: धडक चाचणीत सुरक्षेचे पाच तारे मिळालेल्या जड गाडीत मागच्यांना सीटबेल्टची गरज नाही, आणि मुलं तिसऱ्या रांगेत सर्वांत सुरक्षित. गाडी कंपनीच्या नावावर घेतली की ४० टक्के जीएसटी परत मिळतो. जीएसटी ५० वरून ४० वर आला, म्हणजे किंमत १० टक्क्यांनी उतरली. अशी गाडी ही गुंतवणूक आहे. आणि घ्यायची तर डिझेलच घ्या. भाच्याने हे वाचून स्वतःच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावाने बुकिंग करूनही टाकलं. घरात दोन लहान मुलं आहेत. म्हणून सुरुवात पैशांपासून न करता बेल्टपासून करतो.

तारे मिळतात कसे, ते आधी बघा. गाड्यांना हे तारे देणाऱ्या भारत एनकॅप या सरकारी कार्यक्रमाची चाचणी एआयएस-१९७ या मानकानुसार होते. समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात. पुढच्या दोन सीटवर मोठ्या माणसांचे डमी, म्हणजे माणसाएवढे पुतळे असतात, दोघांनाही बेल्ट. मागे दीड आणि तीन वर्षांच्या मुलांचे डमी असतात, तेही चाइल्ड सीटमध्ये बांधलेले. समोरच्या धडकेत मागे मोठं माणूस बसवलेलंच नसतं. म्हणजे मागे बेल्ट न लावता बसलेल्या आजीचं काय होईल, किंवा तिसऱ्या रांगेत मोकळ्या बसलेल्या नातवाचं काय होईल, याबद्दल ते तारे काहीही सांगत नाहीत. शिवाय मोठ्यांचे आणि मुलांचे तारे वेगवेगळे दिले जातात. २०२१ मध्ये अशीच चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेने महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे दिले होते. जाहिरातीत पाच दिसले, तर ते कोणाचे आहेत ते विचारा.

गाडी जड असेल तर हलक्या गाडीशी टक्कर झाल्यावर फायदा होतो, एवढं मान्य. पण एक्सप्रेस-वेवर उभा असलेला ट्रक किंवा पुलाचा कठडा हलका नसतो. तिथे गाडी थांबते आणि बेल्ट नसलेला माणूस गाडीच्याच वेगाने पुढे जात राहतो. ताशी ८० चा वेग म्हणजे सुमारे २५ मीटर उंचीवरून, म्हणजे आठव्या मजल्यावरून पडण्याइतका. मागचा माणूस पुढच्या सीटच्या पाठीवर आदळतो आणि पुढे बेल्ट लावून बसलेल्यालाही चिरडतो. मांडीवरचं १० किलोचं मूल ताशी ५० च्या धडकेत हातांना साधारण १४० किलोइतकं जड होतं. ते कोणाच्याही हातात राहत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावले नव्हते आणि दोघेही गेले. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. हे सगळं पेपरांत येऊन गेल्यावरही ‘मागे गरज नाही’ असं लिहिणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

तिसऱ्या रांगेचं तर आणखी अवघड आहे. चाइल्ड सीट जिथे अडकवतात ते आयसोफिक्सचे हूक बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेतल्या दोन कडेच्या सीटवर असतात, तिसऱ्या रांगेत सहसा नसतात. लहान मुलांची जागा दुसरी रांगच. शोरूममध्ये गेलात की दुसऱ्या रांगेच्या सीटच्या सांध्यात बोटं घालून ते हूक चाचपून बघा आणि वरच्या पट्ट्याचा, म्हणजे टॉप टेदरचा हूक कुठे आहे तेही दाखवायला सांगा. मागे तोंड करून बसवायची सीट पुढच्या एअरबॅगसमोर कधीही लावू नका. मग तिसऱ्या रांगेत स्वतः बसा आणि डोकं टेकवायच्या उशीपासून मागच्या काचेपर्यंत किती वीत अंतर उरतं ते मोजा. मागून ट्रक धडकला तर तेवढीच जागा मधे असते. तिन्ही रांगा उघड्या ठेवून घरची मोठी बॅग डिकीत मावते का, हेही तिथेच बघा. डिकीत मावलं नाही की सामान सीटवर रचलं जातं आणि ब्रेक लागताच मुलांच्या अंगावर येतं.

सीट कव्हर शिवून घेताना बेल्टची बकलं आणि हूक झाकले जातात, पुढच्या सीटच्या कडेतल्या एअरबॅगही अडतात. आणि बेल्टचा अलार्म बंद करणारी खोटी क्लिप घेऊ नका. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती ऑनलाइन विकणाऱ्यांवर कारवाई केली होती.

आता जीएसटी परत मिळण्याचं. एक्स-शोरूम ३० लाखांच्या गाडीत मूळ किंमत सुमारे २१.४३ लाख आणि ४० टक्क्यांनी कर ८.५७ लाख. ‘हे साडेआठ लाख परत’ असं मजकूर सांगतो. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ चं कलम १७(५) उघडा. चालकासह १३ पर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावर इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. अपवाद तीनच: गाड्या विकण्याचा धंदा, प्रवासी वाहतूक आणि ड्रायव्हिंग स्कूल. अशा गाडीच्या विम्यावरचं, सर्व्हिसिंगचं आणि दुरुस्तीचं क्रेडिटही त्याच कलमाने अडवलेलं आहे. सॉफ्टवेअरची किंवा बांधकामाची कंपनी यात बसत नाही. तरी क्रेडिट घेऊन वापरलं, तर ते १८ टक्के व्याजासह परत करावं लागतं, दंड वेगळा.

उलट महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर घेतल्याने तोटा होतो. वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला व्यक्तीच्या नावावर १५ टक्के रोड टॅक्स आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. तीस लाखांवर ४.५ लाखांऐवजी ६ लाख. दीड लाख रुपये पहिल्याच दिवशी गेले. घसारा, म्हणजे गाडीची किंमत घटते म्हणून आयकरात मिळणारी वजावट, मात्र खरंच मिळतो: वर्षाला १५ टक्के, आणि त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. पण धंद्यासाठीचा वापर दाखवता यायला हवा, आणि संचालकाने घरगुती कामाला गाडी वापरली तर ती कंपनीने दिलेली सुविधा म्हणून त्याच्या पगारात धरून कर लागतो. दहा लाखांवरच्या गाडीवर डीलर घेतो तो एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, रिटर्नमध्ये वळता होतो, हेही खरं.

‘दहा टक्के स्वस्त’ हा सरळ हिशेबाचा घोळ आहे. शंभराची वस्तू करासह १५० ची होती, ती १४० ची झाली. हे झाले सुमारे पावणेसात टक्के.

गुंतवणूक म्हणाल तर विमा कंपनीचा तक्ताच बघा. आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, दुसऱ्या वर्षी २० टक्के आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घटवून धरतात. तीस लाखांचे पंधरा. रोड टॅक्स त्यात धरतच नाहीत. तो हवा असेल तर रिटर्न टू इनव्हॉइसची, म्हणजे गाडी पूर्ण गेल्यास बिलाइतकी भरपाई देणारी जोड विम्याला वेगळी घ्यावी लागते. इनोव्हा आणि फॉर्च्युनरचा जुन्या बाजारातला भाव टिकतो, हे नाकारत नाही. पण हळू घटणारी किंमत म्हणजे नफा नव्हे. २५ लाख कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे ४०,२०० येतो आणि एकूण व्याज ८.८ लाखांच्या आसपास जातं.

डिझेलचं उत्तर तुमच्या रोजच्या धावेवर आहे. शहरात वर्षाला ९,००० किलोमीटर, पेट्रोल गाडी लिटरला १० देते आणि डिझेल १३, दर १०४ आणि ९१ रुपये धरा. पाच वर्षांत दीड लाख वाचतात. तेवढे पैसे सुरुवातीलाच जातात: गाडीची किंमत समजा लाखभर जास्त, वर दोन टक्के जादा रोड टॅक्सचे साठ हजार. शिवाय छोट्या फेऱ्यांत डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीत, काजळी साचते. ती जळायला एक्झॉस्ट चांगलाच तापावा लागतो, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर १५-२० मिनिटं सलग गाडी चालली पाहिजे. दिवा लागल्यावर दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करते आणि न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली की तेच समजा. ज्या गाड्यांना अ‍ॅडब्लू, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रावण लागतं, त्यांत ते संपलं तर इंजिन पुन्हा सुरू होत नाही. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर हायवेवर धावणार असेल तर डिझेल जरूर घ्या.

कंपनीच्या नावाने बुकिंग झालं असेल तर डीलरकडून टॅक्स इनव्हॉइस निघण्याआधी नाव बदलून घ्या, आणि कर्ज मंजूर झालं असेल तर बँकेकडूनही ते नव्या नावावर करून घ्या. आरटीओत नोंदणी झाल्यानंतर तोच बदल म्हणजे मालकी हस्तांतरण ठरतं: फॉर्म २९ आणि ३०, बँकेची एनओसी, विम्यावरचं नाव बदलणं, सगळं नव्याने करावं लागतं.